पाणी आलेलं कळावं म्हणून

आईचं माहेर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं. घर विकून आता पुष्कळ वर्षं झाली. मामा गेले, मामी मुलाकडे बंगळूरला. त्यामुळे ज्या गावात आईने आयुष्याची पहिली एकवीस वर्षं काढली, त्या गावात तिला हॉटेलात उतरावं लागतं. ती याबद्दल कधी बोलत नाही. फक्त हॉटेलच्या रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' या रकान्याशी आलं, की पेन माझ्याकडे देते.

नोव्हेंबरात किरणोत्सवासाठी गेलो होतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, अशा दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी अंबाबाईचे चरण, दुसऱ्या दिवशी कमरेपासून छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम. ढग, धूळ, हवेतलं बाष्प, वाटेतल्या इमारती यांतलं काहीही आडवं आलं तर किरणं मध्येच थांबतात. आईला हे सगळं पाठ आहे. लहानपणी ती वडिलांच्या खांद्यावर बसून बघायची. या वेळी तिचं वय एक्याऐंशी, आणि "तिन्ही दिवस बघायचे" हा तिचा हट्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलातलं पाणी गेलं. खाली फोन केला तर म्हणाले, मोटर बिघडलीय, माणूस बोलावलाय, अर्ध्या तासात येईल. आम्ही साडेतीनला निघालो, कारण उशीर झाला तर आत उभं राहायलाही जागा मिळत नाही. निघताना आई बाथरूममध्ये हात धुवायला गेली होती. नळाला पाणी नव्हतं, म्हणून ती तशीच बाहेर आली. खोलीला कुलूप मीच लावलं.

त्या संध्याकाळी किरणं स्वच्छ आली. सोनेरी पट्टा हळूहळू वर सरकताना सगळं देऊळ गप्प झालं होतं. आईने माझा हात घट्ट धरला होता. बाहेर पडून आम्ही महाद्वार रोडवर थोडं हिंडलो, तिने भेंडे गल्लीपर्यंत चालत यायचा आग्रह धरला, आणि हॉटेलवर पोचायला साडेसात वाजले.

तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये ओली पोती अंथरली होती. आमच्या खोलीचं दार सताड उघडं. आत सफाईवाल्या मावशी गुडघ्यावर बसून फडक्याने पाणी टिपून बादलीत पिळत होत्या. गादी उभी करून भिंतीला टेकवलेली, तिच्या खालच्या कडेतून अजून थेंब पडत होते. मॅनेजर दारातच उभे होते.

"ताई, नळ चालू ठेवून गेलाय तुम्ही. खालच्या खोलीत गिऱ्हाईक होतं. त्यांच्या अंगावर छत गळायला लागलं."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच ठेवला होता."

ती विसरली नव्हती. तिने तो मुद्दाम उघडा ठेवला होता. खाली बादली लावून.

मला हे समजायला वेळ लागला, कारण मी पुण्यात चोवीस तास टाकीचं पाणी असलेल्या घरात वाढले. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी नळाला पाणी दिवसातून एकदा यायचं, ते कधी पहाटे चारला, कधी पाचला. गजर लावण्यात अर्थ नव्हता. म्हणून रात्री झोपताना नळ उघडा ठेवायचा आणि खाली पितळी बादली. पाणी आलं की बादलीवर आधी हवेचा खर्रर आवाज, मग टणटण. त्या आवाजाला घरातली पहिली जाग आजीला, दुसरी आईला. मग हंडे, कळश्या, पिंप, सगळं भरून सहाच्या आत मोकळं. नळ बंद ठेवून झोपणारीच्या घरी त्या दिवशी पाणी नाही. आता काळम्मावाडीच्या धरणातून थेट पाइपलाइनने शहरात पाणी येतं, पण आईच्या हाताला ते माहीत नाही. कोल्हापुरात कोरडा नळ दिसला आणि तिचा हात साठ वर्षं मागे गेला. पाणी आलेलं कळावं म्हणून नळ उघडा ठेवायचा. फक्त ऐकायला घरात कुणी नव्हतं.

रात्री नऊला मॅनेजरनी कागद दिला. गादी ११,५०० रुपये. खालच्या खोलीचं पीओपी छत ९,००० रुपये. कपाट आणि पलंगाचा फुगलेला प्लाय १२,००० रुपये. दोन खोल्यांचं तीन दिवसांचं भाडं, २,४०० रुपयांप्रमाणे १४,४०० रुपये. एकूण ४६,९०० रुपये. आणि सोबत आम्ही सही केलेलं कार्ड, ज्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं की खोलीतील वस्तूंचे नुकसान झाल्यास संपूर्ण रक्कम ग्राहकाकडून वसूल करण्यात येईल.

आईने पर्स उघडली. म्हणाली, "एवढे रोख नाहीत. तू दे. घरी गेल्यावर मोडते ती ठेवीची पावती."

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी चोवीस वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात काम केलं. आग, पाणी, वादळ. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती, तेव्हा पाणी ओसरल्यावर मी याच शहरात शाहूपुरीच्या आणि व्हीनस कॉर्नरच्या दुकानांतून चिखलातले स्टॉक मोजत फिरले आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसून समोरच्या माणसाला "एवढं नाही मिळणार" असं मी किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. त्या रात्री पहिल्यांदा मी या बाजूला होते, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने सगळं आधीच कबूल केलं होतं.

मला आईच्या कबुलीचा अभिमान वाटला, आजही वाटतो. पण कबुली दिली म्हणजे समोर येईल तो आकडा मान्य केला, असं होत नाही. चूक कुणाची हा एक प्रश्न आणि त्या चुकीने किती नुकसान झालं हा दुसरा. लोक लाजेपोटी दोन्हींचं उत्तर एकदमच देऊन टाकतात. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हे हटकून होतं. त्यांना तो विषय तिथून लवकर संपवायचा असतो.

मी मॅनेजरना म्हटलं, सकाळी मालक येतील तेव्हा बसू. तोवर मला बाथरूम आणि खालची खोली बघू द्या.

बाथरूममध्ये मी नहाणीच्या जाळीवर टॉर्च मारला. जाळी उचलली. खाली केसांचा एक गोळा, साबणाचं वेष्टन, आणि शाम्पूची रिकामी पुडी, जाळीच्या भोकांना आतून चिकटून बसलेली. आई शिकेकाई लावते आणि मी बाटली वापरते, ती पुडी आमची नव्हती. दुसरी गोष्ट उंबऱ्याची. बाथरूमची फरशी खोलीच्या फरशीपेक्षा खाली हवी, निदान दारात दोन बोटं उंच पट्टी तरी हवी. इथे नूतनीकरणात जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स बसवल्या होत्या. त्यामुळे बाथरूमची पातळी वर आली आणि उंबरा फरशीत बुडून गेला. पाण्याला नहाणीतून वाट नव्हती आणि खोलीत जायला अडसर नव्हता.

मग खालची खोली. तिथल्या छताकडे मी बराच वेळ बघत राहिले. ताजं पाणी पीओपीवर उतरतं तेव्हा राखाडी, गार, ओलसर डाग पडतो आणि बोट लावलं तर पीठ सुटतं. तसा डाग होताच. पण त्याच्या डाव्या अंगाला पिवळट-तपकिरी कडांची वर्तुळं होती, एकात एक, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. अशी कड एका संध्याकाळी उमटत नाही. पाणी येतं, वाळतं, कडेला मळ सोडतं, पुन्हा येतं, पुन्हा वाळतं. मी तीन कडा मोजल्या. त्या छताला आधी निदान तीनदा तरी ओल लागलेली होती. विम्याच्या भाषेत टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेलं नुकसान हा पॉलिसीत धरलेला धोका आहे. मुरलेली ओल सहसा त्यात बसत नाही, ती देखभालीचा प्रश्न म्हणून मालकाच्याच खात्यावर जाते. अचानक झालेलं आणि हळूहळू झालेलं यात मी आयुष्यभर फरक करत आले, आणि त्या छतावर ते दोन्ही शेजारी शेजारी होते.

झोप लागली नाही. आम्हाला पहिल्या मजल्यावरची खोली दिली होती. आई तीनदा उठून बाथरूमच्या नळावर हात ठेवून आली.

मी नोकरीत असताना कायद्याचे जेवढे निवाडे वाचले, त्यातला एक या रात्री सारखा आठवत होता. १९१३चा, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयाचा, पण खटला मूळचा ऑस्ट्रेलियातला. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ कुणीतरी पूर्ण सोडला आणि पाणी जायचं तोंड बुजवलं. पाणी झिरपत दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या मालावर गेलं. त्याआधी १८६८ साली इंग्लंडात असं ठरलं होतं की आपल्या जमिनीवर मोठा जलाशय बांधला आणि तो फुटून पाणी शेजाऱ्याच्या खाणीत गेलं, तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई द्यावी लागेल. मग घरातल्या नळालाही तोच नियम का नाही? प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की नाही, घरात पाण्याची सोय असणं हा इमारतीचा रोजचा, साधा वापर आहे. तो नळ बाहेरच्या कुणीतरी खोडसाळपणे सोडला होता, म्हणून इमारत ज्याच्या ताब्यात होती तो सुटला.

आमच्याकडे कुणी खोडसाळ नव्हतं. पण त्या निकालातून एवढं कळतं की पाणी सांडलं एवढ्यावरून कुणी आपोआप देणेकरी होत नाही, हलगर्जी कुणाची ते बघावं लागतं. 'चुकून झालं' हे उत्तर त्यासाठी पुरत नाही. हेतू नव्हता हे मान्यच असतं. प्रश्न असतो तो साधारण शहाण्या माणसाने जी काळजी घेतली असती ती घेतली का हा. कोरडा नळ उघडा टाकून चार तास बाहेर जाणं ही हलगर्जी आहे. आईची आहे, आणि कुलूप लावण्याआधी बाथरूममध्ये न डोकावलेल्या माझीही आहे. पण तुंबलेली जाळी ही पण हलगर्जी. बुडालेला उंबरा ही पण. मोटर दुरुस्त झाल्यावर, पाणी सोडण्याआधी मजल्यांवर एक फेरी न मारणं, ही तर सगळ्यात मोठी, कारण पाणी गेलेलं असताना लोक नळ फिरवून बघतात हे हॉटेलवाल्याला पाहुण्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आणि त्या छापील ओळीचं काय? १८७२च्या करार कायद्याचं ७३वं कलम म्हणतं की भरपाई मिळते ती करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे झालेल्या नुकसानीची, लांबच्या आणि आडवळणाच्या नुकसानीची नाही. ७४वं कलम म्हणतं की करारात आकडा आधी लिहिला असला तरी मिळते ती वाजवी भरपाईच, आणि त्या आकड्यावर एक पैसाही नाही. छापील ओळ कुठल्याच बाजूला सगळ्यातून सोडवत नाही. २०१९च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात हेच उलट बाजूने सांगितलं. पाहुण्याने चावी देऊन पार्क करायला दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती आणि पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर', म्हणजे गाडीच्या मालकाच्या, असं छापलेलं होतं. हॉटेलला स्वतःची हलगर्जी त्या छपाईमागे लपवता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मग पाहुण्याच्या अंगावर सगळं टाकणारी छपाई तरी शेवटचा शब्द कशी असेल?

सकाळी मालक आले. चाळिशीतले, शांत बोलणारे. मी माझ्या वहीत रात्रीच हिशेब मांडला होता. नव्या खोलीत मी नळाखाली वीस लिटरची बादली लावून घड्याळ बघितलं होतं, एक मिनिट चाळीस सेकंदांत भरली. मोटर पाचला चालू झाली, तक्रार पावणेसातला आली, म्हणजे साडेबाराशे लिटरच्या आसपास पाणी. हे मी त्यांना आधीच सांगितलं, आमच्या विरुद्ध जाणारं असलं तरी. मग बाकीचं. गादी चार वर्षं वापरलेली, लेबलवर तारीख होती, आठ वर्षं आयुष्य धरलं तर उरलेली किंमत ५,७५० रुपये. छताचा जुना ओलीचा भाग वगळून नवं नुकसान तिसरा हिस्सा, ३,००० रुपये. कपाट अख्खं नव्हे, तळाची फळी आणि पलंगाची एक बाजू, सुताराची मजुरी धरून ३,५०० रुपये. भाडं एका खोलीचं एका रात्रीचं, कारण खालच्या पाहुण्याला दुसरी खोली दिली होती आणि हॉटेल भरलेलं नव्हतं. बेरीज १४,६५० रुपये. त्यातला आमचा वाटा निम्म्याहून जास्त, कारण नळ आमचा होता. मी नऊ हजार म्हटलं.

मालकांनी विचारलं, "आणि जाळीचं तुम्ही नक्की बघितलंत?"

मी फोनमधला फोटो दाखवला. मॅनेजरनी तो बघितला आणि दाराकडे वळून हाक मारली, "मावशी, जाळी कुणी साफ करायची असते?"

त्या क्षणापर्यंत मला हे सुचलं नव्हतं. चोवीस वर्षं मी हलगर्जी शोधली, ती नेहमी कंपनीची, कारखान्याची, दुकानाची असायची. कागदावर हॉटेलची हलगर्जी असं मी लिहिलं. पण हॉटेल जाळी साफ करत नाही. जाळी साफ करायला एक बाई असते, ती बावीस खोल्या एकटी करते, आणि तिला हाक मारली की ती पदराला हात पुसत येऊन दारात उभी राहते.

"मी रोज बघतो की साहेब," मावशी म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं, बाई असून बघतो, करतो. "काल तेवढी ऱ्हायली असंल."

"राहिली म्हणून हे झालं ना?"

मी मध्ये बोलले. म्हटलं, नोकराच्या हातून राहून गेलेलं काम पाहुण्याच्या समोर मालकाचंच असतं, मी तुमच्याकडून सूट मागितली आहे, मावशींकडून नाही. यातला एक रुपया यांच्या पगारातून जाता कामा नये. मालक म्हणाले, नाही जाणार. नऊ हजारांच्या पावतीवर 'संपूर्ण व अंतिम' असं लिहून घेतलं. मावशींबद्दलची ओळ मात्र मी पावतीवर घातली नाही. दोन पाहुण्यांच्या आणि हॉटेलच्या कागदात तिसऱ्याचं नाव कसं घालणार, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, घालायला हवं होतं.

आई यातलं काहीच बोलली नाही. जिना उतरताना मावशींच्या हातात तिने पाचशेची नोट ठेवली. त्या हात मागे घेत म्हणाल्या, "आजी, आसूंदे ओ. पानीच हाय, पुसलं की जातंय." आईने नोट त्यांच्या बटव्यात खोचली आणि म्हणाली, "काल रात्री तीन तास माझं पाणी पुसलंस तू."

त्या संध्याकाळी किरणं मुखापर्यंत पोचली नाहीत. क्षितिजावर ढग होता. आई काही वेळ तशीच हात जोडून उभी राहिली.

डिसेंबरच्या दहा तारखेला मी हॉटेलवर फोन केला. पगार झाला असणार, हा हिशेब मनात होता. मावशींना फोनवर बोलावून घेतलं. आधी त्यांनी आजी बऱ्या आहेत का विचारलं. मग मी पगाराचं विचारलं. त्या थांबल्या. "दीड हजार धरल्यात. तेवढं इचारू नगा ताई, काम हाय ते बरं हाय."

मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, मला माहीतच नाही, मॅनेजरने केलं असेल, बघतो. मी विचारलं, कापण्याआधी त्यांना काही विचारलंत का, त्यांचं म्हणणं ऐकलंत का? ते पुन्हा म्हणाले, बघतो. चार दिवसांनी मी परत फोन केला. त्यांनी पुढच्या पगारात परत देतो असं सांगितलं. मी तारीख लिहून ठेवली आहे.

आईला मी हे सांगणार नव्हते, पण ती शेजारच्या खोलीतून सगळं ऐकत होती. जेवताना म्हणाली, "दीड हजार म्हणजे तिच्या किती दिवसांचे गं?" मी सांगितलं. तिने भात पुढे सरकवला.

३१ जानेवारीला पुन्हा किरणोत्सव आहे. आईने त्याच हॉटेलात खोली सांगायला लावली. मालक म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरची चांगली खोली आहे, उजेडाची. आई म्हणाली, तळमजल्यावरची बघा, माझ्या खाली कुणाचं छत नको. आणि मावशी कामावर असतील तेव्हाच आम्हाला खोली द्या, एवढं तिने मला फोनवर सांगायला लावलं.